फॅफसा भरताना: न दिसणाऱ्या आकड्यांची जबाबदारी

अमेरिकेत मूल बारावीला गेले की त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या आसपास घरात एका फॉर्मची गडबड सुरू होते. ‘फ्री ॲप्लिकेशन फॉर फेडरल स्टुडंट एड’ हे त्याचे पूर्ण नाव. बोलताना सगळे ‘फॅफसा’च म्हणतात. पेल ग्रँट (परत न करायचे सरकारी अनुदान), विद्यार्थ्याच्या नावावर मिळणारे सरकारी कर्ज, कॉलेजातले ‘वर्क-स्टडी’चे काम आणि बऱ्याच राज्यांची व कॉलेजांची स्वतःची मदत, या सगळ्यांची वाट या फॉर्मवरून जाते. त्यातला सर्वांत किचकट भाग उत्पन्नाचा. तो आता बहुतेकांना हाताने भरावा लागत नाही. संमती दिली की अमेरिकेचे करखाते, म्हणजे आयआरएस, टॅक्स रिटर्नमधले आकडे थेट शिक्षण खात्याकडे पाठवते. तरीही पालकांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. आकडे आलेच नाहीत, आले पण दिसत नाहीत, सगळे बरोबर येऊनही मदतीचा हिशेब भलताच निघाला, अशा त्या असतात. यंत्रणा बिघडली असे म्हणून या तक्रारी बाजूला सारणे सोपे आहे, आणि काही वेळा ते खरेही असते. पण मूळ अडचण वेगळी आहे. आयआरएसकडून येतो तो दोन वर्षांपूर्वीच्या रिटर्नमधला आकडा. मदत ठरवायला हवी असते ती कुटुंबाची ऐपत. या दोहोंतले अंतर यंत्रणा भरून काढत नाही. ते काम अर्जदाराकडेच राहते, आणि आकडे पडद्यावर दिसत नसल्यामुळे ते पूर्वीपेक्षा अधिक लक्ष घालून करावे लागते.

आकडे झाकलेले का असतात, हे कळले की निम्मा वैताग कमी होतो. २०१० च्या सुमारास आयआरएसने ‘डेटा रिट्रीव्हल टूल’ नावाची सोय सुरू केली. अर्जदाराने फॅफसामधून आयआरएसच्या पानावर जायचे, ओळख पटवायची, आपले आकडे पाहायचे आणि फॉर्ममध्ये आणायचे, अशी तिची रीत होती. मार्च २०१७ मध्ये ती तडकाफडकी बंद झाली. चोरांनी दुसऱ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर वापरून, फॅफसा भरत असल्याचे सोंग आणून, लोकांचे ‘ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम’, म्हणजे ठरावीक वजावटींनंतरचे एकूण उत्पन्न, काढून घेतले होते. ऑनलाइन रिटर्न भरताना आधीच्या वर्षीचा हाच आकडा ओळखीचा पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे खोटी रिटर्न भरून परतावे लाटणे त्यांना सोपे गेले. तेव्हाचे आयुक्त जॉन कोस्किनेन यांनी सिनेटच्या समितीपुढे एक लाखापर्यंत करदात्यांची माहिती धोक्यात आली असावी असे सांगितले. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोय परत आली ती आकड्यांवर पडदा टाकूनच. पुढे डिसेंबर २०१९ च्या ‘फ्युचर ॲक्ट’ने दोन्ही खात्यांना थेट देवाणघेवाणीची परवानगी दिली, आणि २०२४–२५ च्या फॉर्मपासून नवी पद्धत आली. करदात्याने पानांवरून हिंडण्याची गरज संपली, पण पडदा कायम राहिला. यात सोय कोणाचीच नाही असे मात्र नाही. मुलाला आईवडिलांचा पगार दिसत नाही, आणि सावत्र पालकाला आपली मिळकत घरभर उघडी न करता सही करता येते.

यंत्रणेवर डोळे मिटून विसंबू नये, याचा धडा त्याच २०२४–२५ च्या वर्षाने दिला. नेहमी १ ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म २०२३ चा डिसेंबर संपता संपता उघडला. महागाईनुसार बदलायचे कोष्टक बदललेलेच नव्हते. ते दुरुस्त केल्यावर विद्यार्थ्यांच्या वाट्याला सुमारे १८० कोटी डॉलरची जास्त मदत येणार होती. कॉलेजांकडे अर्जांची माहिती पोचायला मार्च उजाडला. मग मालमत्तेच्या हिशेबातल्या चुकीमुळे सुमारे दोन लाख अर्जांचे निकाल चुकल्याचे उघड झाले, आणि पाठोपाठ आयआरएसकडून आलेल्या आकड्यांतही विसंगती सापडल्या. शिक्षणखर्चावरची करसवलत आणि दुरुस्त केलेली रिटर्न ही त्यातली मुख्य ठिकाणे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर सांगितले की पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला आलेल्या ५४ लाख फोनपैकी सुमारे ४० लाख उचललेच गेले नाहीत. तेव्हापासून गाडी रुळावर आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये १ ऑक्टोबरची मुदत पाळण्याचा कायदा झाला आणि २०२६–२७ चा फॉर्म तर २०२५ च्या सप्टेंबर अखेरीसच उघडला. पण आकडा चुकला तर तो आपल्याला दिसणार नाही आणि फोनवर कोणी भेटेलच असे नाही, ही परिस्थिती पुन्हा येऊ शकते. ती आली तर हातात काय असेल, हे अर्ज भरण्याआधीच ठरवावे.

यावर सरळ प्रश्न येतो: एवढे असेल तर आकडे हातानेच का भरू नयेत? कायदा तशी मोकळीक देत नाही. फॉर्मवर ज्यांची माहिती लागते त्या प्रत्येकाला ‘कॉन्ट्रिब्युटर’ म्हणतात, आणि प्रत्येक कॉन्ट्रिब्युटरला दर वर्षी नव्याने संमती द्यावी लागते. ज्याने कधी अमेरिकेत रिटर्न भरले नाही, त्यालासुद्धा. एकानेही नकार दिला तर विद्यार्थी केंद्र सरकारच्या कुठल्याच मदतीला पात्र ठरत नाही, मग बाकीचे रकाने कितीही नीट भरलेले असोत. खासगीपणाच्या काळजीने संमती अडवून धरणारे पालक असतात. त्यांची काळजी वेडगळ नाही. २०१७ चा प्रकार तिच्या बाजूनेच बोलतो. पण करमाहितीच्या गैरवापराला कायद्यात शिक्षा आहे, आणि आकडे झाकलेले आहेत ते याच काळजीपोटी. संमती न देण्याची किंमत मूल मोजते, पालक नाही. म्हणून संमती द्यावी आणि काळजी दुसऱ्या जागी खर्च करावी: आपले खाते, आपली ओळख आणि आपल्याकडची प्रत यांच्यावर.

ओळखीपासूनच सुरुवात करू, कारण आकडे न येण्याचे सर्वांत साधे कारण तिथे असते. विद्यार्थी आणि पालक यांची स्टुडंटएड डॉट गव्ह या संकेतस्थळावर वेगवेगळी खाती लागतात. त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि नंबर सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या नोंदीशी ताडून पाहिले जातात. मराठी घरांत घोळ होतो तो इथे. मधले नाव कधी वडिलांचे असते, कधी नवऱ्याचे. लग्नानंतर आडनाव बदलते, क्वचित पाळण्यातले नावही. पासपोर्टवर एक, ग्रीन कार्डवर दुसरे आणि पगाराच्या कागदावर तिसरेच, असेही दिसते. यांतले बरोबर कोणते हा वाद इथे कामाचा नाही. सोशल सिक्युरिटी कार्डावर जे छापले आहे, तेच आणि तसेच खात्यावर हवे. दुसरी खबरदारी ईमेल आणि फोनची. एक ईमेल किंवा एक मोबाइल नंबर दोन खात्यांना चालत नाही. मुलाने घाईत आईचे खाते आपल्याच नंबरावर उघडले तर पुढे कोड येतो एकाला आणि हवा असतो दुसऱ्याला. खात्याची पडताळणी व्हायला कधी वेळ लागू शकतो, म्हणून खाती उघडण्याचे काम फॉर्मच्या आधी निदान आठवडाभर उरकावे.

मग प्रश्न येतो, पालकांपैकी फॉर्मवर बसायचे कोणी. आईवडिलांनी एकत्र रिटर्न भरले असेल तर एकच पालक कॉन्ट्रिब्युटर म्हणून पुरतो आणि दोघांचे आकडे त्याच्यामार्फत येतात. वेगवेगळी रिटर्न भरली असतील तर दोघांचीही संमती लागते. घटस्फोट झाला असेल किंवा दोघे वेगळे राहत असतील, तर गेल्या बारा महिन्यांत ज्याने मुलाचा खर्च जास्त उचलला तो पालक धरायचा. मूल कोणाकडे राहते हा पूर्वीचा निकष आता नाही. एचवनबी व्हिसावरच्या कुटुंबांसाठी एकत्र रिटर्नची ही सवलत फार उपयोगाची आहे. एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या जोडीदाराकडे पुष्कळदा सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, फक्त आयटिन, म्हणजे करापुरता दिलेला क्रमांक, असतो. नंबर नसलेल्या पालकालाही खाते उघडता येते, पण त्याला ओळख वेगळ्या मार्गाने पटवावी लागते आणि करमाहिती हाताने भरावी लागते. म्हणून रिटर्न एकत्र असेल तर नंबर असलेल्या पालकानेच कॉन्ट्रिब्युटर व्हावे. याच जागी एक गैरसमजही दूर करून घ्यावा. मदतीची पात्रता विद्यार्थ्याच्या दर्जावर ठरते. अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक असल्याने पालक कुठल्याही व्हिसावर असले तरी ते पात्र ठरू शकते. उलट, एच-फोरवर आलेल्या मुलाला केंद्र सरकारची मदत मिळत नाही, पालकांनी कितीही वर्षे कर भरलेला असला तरी.

आता आकड्यांकडे. फॅफसा दोन वर्षे मागचे उत्पन्न पाहतो. २०२६–२७ च्या फॉर्मला २०२४ चे रिटर्न लागते. ते रिटर्न समोर ठेवून एका कागदावर मोजक्या ओळी उतरवून घ्याव्यात. २०२४ च्या १०४० फॉर्मवर ॲडजस्टेड ग्रॉस इन्कम ११ व्या ओळीत आहे, करमुक्त व्याज २ए मध्ये, आयआरए या स्वतःच्या निवृत्ती खात्यातून काढलेली रक्कम ४ए आणि ४बी मध्ये, पेन्शन व कंपनीमार्फतच्या ४०१के या निवृत्ती खात्यातून निघालेली रक्कम ५ए आणि ५बी मध्ये. धंदा असेल तर शेड्यूल सी मधला नफा-तोटाही लिहावा. रिटर्न हाताशी नसेल किंवा ते नीट नोंदले गेले की नाही अशी शंका असेल, तर आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून ट्रान्सक्रिप्ट फुकट मिळते. ‘टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट’मध्ये मूळ भरलेले आकडे असतात, ‘रेकॉर्ड ऑफ अकाउंट’मध्ये नंतरचे बदलही. झाकलेले आकडे ज्या नोंदीतून येतात ती नोंद आपल्याला अशी दुसऱ्या दाराने पाहता येते. १०४०-एक्स भरून रिटर्न दुरुस्त केले असेल तर ही तपासणी टाळूच नये.

हा कागद करण्याची खरी गरज कुठे पडते, ते एका हिशेबावरून पाहू. समजा, २०२४ मध्ये वडिलांनी नोकरी बदलली आणि जुन्या कंपनीच्या ४०१के मधले ८०,००० डॉलर स्वतःच्या आयआरएमध्ये वळवले. पैसे हातात आले नाहीत, कर लागला नाही. रिटर्नवर मात्र ५ए मध्ये ८०,००० दिसतात, ५बी मध्ये शून्य, आणि शेजारी ‘रोलओव्हर’ हा शब्द. दोन ओळींची वजाबाकी म्हणजे करमुक्त उत्पन्न, असे सूत्र ठरलेले असल्यामुळे हे ८०,००० कुटुंबाच्या मिळकतीत मोजले जाऊ शकतात. आयआरएसने पाठवलेला आकडा यात अजिबात चुकीचा नाही. रिटर्नवर तोच आहे. फक्त ती मिळकत नव्हे. म्हणून फॉर्म रोलओव्हरची रक्कम वेगळी विचारतो आणि ती हातानेच भरावी लागते. ‘आकडे आपोआप येतात’ एवढेच डोक्यात असलेला माणूस तो रकाना शून्य ठेवून पुढे जातो. पालकांच्या उपलब्ध उत्पन्नावर सर्वांत वरच्या टप्प्यात ४७ टक्के वाटा शिक्षणासाठी धरला जातो. म्हणजे या एका रिकाम्या रकान्याने कुटुंबाची ऐपत कागदावर ३७,६०० डॉलरपर्यंत फुगू शकते. नोकऱ्या बदलणाऱ्या आयटीवाल्या घरांत रोलओव्हर ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे हा रकाना दोनदा पाहावा.

रोलओव्हरसारखेच आणखी काही रकाने आहेत जिथे आयआरएसकडून काहीच येत नाही. मालमत्ता हा त्यातला मोठा. बँकेतली शिल्लक, शेअर, म्युच्युअल फंड, मुलाच्या शिक्षणासाठीचे ५२९ बचत खाते हे सगळे अर्ज भरण्याच्या दिवशीच्या किमतीने सांगायचे असते. राहते घर आणि ४०१के सारखी निवृत्तीची खाती यातून वगळलेली आहेत. राहत्या घराखेरीज दुसरे घर मात्र गुंतवणूक ठरते, आणि ते पुण्यात किंवा नागपुरात असले म्हणून सुटत नाही. तिथल्या फ्लॅटचे भाडे रिटर्नमध्ये दाखवले असेल तर ते आपोआप येते. फ्लॅटची किंमत, कर्ज वजा करून, तुम्हाला लिहावी लागते. दुसरी मोठी जागा परदेशी उत्पन्नाची. अमेरिकेत जन्मलेले मूल भारतात वाढले आणि आता कॉलेजसाठी परत जात आहे, अशी कुटुंबे थोडी नाहीत. पालक भारतातच रिटर्न भरत असतील तर आयआरएसकडे पाठवण्यासारखे काही नसतेच; आकडे हाताने, डॉलरमध्ये, अर्जाच्या दिवसाजवळच्या विनिमय दराने भरायचे. भारताचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने गोंधळ होतो. अशा वेळी, पाहिल्या जाणाऱ्या वर्षाचे जास्त महिने ज्यात येतात ते आर्थिक वर्ष धरतात. २०२४ साठी ते एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे येईल. पालक ग्रीन कार्डधारक किंवा नागरिक असून भारतात नोकरी करत असतील आणि अमेरिकेच्या रिटर्नमध्ये २५५५ फॉर्म लावून परदेशी पगार वगळत असतील, तर ती वगळलेली रक्कमही फॉर्मवर स्वतःहून सांगावी लागते.

सगळे बरोबर येऊनही हिशेब न पटण्याची तक्रार उरते, आणि माझ्या मते ती सर्वांत रास्त आहे. २०२४ मध्ये दोघांना पगार होते, २०२५ मध्ये एकाची नोकरी गेली. फॉर्मला २०२४ च दिसते. आकडा अचूक, पण शिळा. दोन वर्षे मागे पाहण्याची ही पद्धत २०१७–१८ च्या फॉर्मपासून आली, आणि तिच्यामागे कारणही आहे. अर्ज भरताना रिटर्न तयार असावे आणि अंदाजाने आकडे भरण्याची वेळ येऊ नये, हा तिचा हेतू. त्याची किंमत नोकरकपात, आजारपण, घटस्फोट किंवा जोडीदाराचा मृत्यू अशा प्रसंगी घरांना मोजावी लागते. कायद्याने त्यावर उपाय ठेवला आहे, त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. कॉलेजचा मदत-अधिकारी कागदपत्रे पाहून आकडे बदलू शकतो. कुणाचेच ऐकायचे नाही असे सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, मात्र दिलेला निर्णय अंतिम असतो. वर दाद मागता येत नाही. म्हणून आधी फॅफसा जसा आहे तसा पुरा भरावा, फॉर्मवर मनाने नवे उत्पन्न घालू नये, आणि मग प्रत्येक कॉलेजला वेगळे पत्र पाठवावे. त्यात नोकरी सुटल्याची तारीख, कंपनीचे पत्र, शेवटची पेस्लिप आणि या वर्षाच्या अपेक्षित उत्पन्नाचा बेरीज-वजाबाकीसह हिशेब असावा. विनवणीपेक्षा हा हिशेब जास्त बोलतो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप सुस्थितीतल्या घरांतून येतो: आमचे उत्पन्न पाहता काही मिळणार नाही, मग ही उठाठेव कशाला? पेल ग्रँट मिळणार नाही, हे बहुधा खरे. पण विद्यार्थ्याच्या नावाचे ‘अनसबसिडाइज्ड’ कर्ज गरज पाहून दिले जात नाही, आणि तेही फॅफसाशिवाय मिळत नाही. पुढच्या वर्षी नोकरी गेली तर प्रोफेशनल जजमेंटचा अर्ज करायलाही आधी फॅफसा भरलेला लागतो. शिवाय अनेक खासगी कॉलेजे कॉलेज बोर्डाचा ‘सीएसएस प्रोफाइल’ मागतात. तिथे आयआरएसची थेट सोय नाही. तेच आकडे पुन्हा हाताने भरावे लागतात, राहत्या घराची किंमतही सांगावी लागते आणि रिटर्नच्या प्रती वेगळ्या द्याव्या लागतात. दोन फॉर्मवर दोन उत्तरे दिसली की कॉलेज थांबते आणि खुलासा मागते. फॅफसासाठी केलेला कागद इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

अर्ज पाठवल्यावर मिळणाऱ्या ‘सबमिशन समरी’त ‘स्टुडंट एड इंडेक्स’ नावाचा आकडा येतो. तो उणे १,५०० पासून सुरू होऊ शकतो. झाकलेले आकडे बरोबर आले की नाही, हे पडताळण्याची एक वाट इथे मिळते. शिक्षण खात्याच्याच संकेतस्थळावर ‘फेडरल स्टुडंट एड एस्टिमेटर’ आहे. आपल्या कागदावरचे आकडे त्यात भरावेत आणि येणारा इंडेक्स समरीतल्या इंडेक्सशी ताडून पाहावा. थोडा फरक चालेल. फरक हजारोंत असेल तर आधी रोलओव्हरचा रकाना, मग मालमत्ता, मग कुटुंबातल्या माणसांची संख्या पाहावी. हाताने भरलेली उत्तरे तुम्हाला दुरुस्त करता येतात. आयआरएसकडून आलेला आकडा तुम्हाला बदलता येत नाही. त्यासाठी सही केलेले रिटर्न, ट्रान्सक्रिप्ट आणि १०४०-एक्स असल्यास त्याची प्रत घेऊन कॉलेजच्या मदत कार्यालयाकडेच जावे लागते. हे लवकर करावे, कारण काही राज्यांची आणि कॉलेजांची मदत पैसे असेपर्यंतच मिळते. एवढे करून तो कागद फेकून देऊ नये. फॅफसा दर वर्षी भरावा लागतो, संमतीही दर वर्षी द्यावी लागते. रकाने तेच राहतात, फक्त रिटर्नचे साल बदलते. पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी घेणारे हे काम जुना कागद शेजारी असला की पुढची तीन वर्षे तासाभरात उरकते.